पैशावर तुळशीपत्र

गौरी-गणपतीत आमचं लोटे गाव भरतं. एरवी ज्या घरांना कुलूप असतं त्या घरांत दिवे लागतात, हायवेवर गाड्यांची रांग लागते आणि मुंबईच्या मंडळाची सभा शाळेच्या पडवीत बसते. सभेचे विषय ठरलेले. देवळाचे पत्रे, पाण्याची टाकी, स्मशानाकडची वाट आणि कोणाची वर्गणी बाकी. गेल्या गणपतीत मात्र एक नवाच विषय निघाला. माझा दहावीपर्यंतचा वर्गमित्र, चाळीस वर्षं डोंबिवलीला आहे, धंद्यात बऱ्यापैकी कमावलंय, तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी माझ्या बापाच्या नावानं पाच लाख रुपये बँकेत ठेवतोय. त्याच्या व्याजातून दरवर्षी पुरस्कार द्यायचे. एक साहित्याला, एक लोककलेला. आणि निवड समितीचा अध्यक्ष आपला लेखक." हात माझ्याकडे केला.

टाळ्या वाजल्या. गावकारांनी सुद्धा मान हलवली. मी उठून म्हटलं, "मला नाय जमायचं."

पडवीत शांतता पसरली. कोणीतरी मागून म्हणालं, "ह्याला मान दिला तरी नको." मित्राचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, मी त्याच्या बापाला नाही म्हणालो. त्या दिवशी मला नीट बोलता आलं नाही. शेतकऱ्याला बोलायच्या वेळी शब्द सापडत नाहीत, घरी येऊन गोठ्यात शेण काढताना सापडतात. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथं लिहून काढतो. मित्राशी माझं भांडण नाही. आपल्याकडे मराठीच्या नावानं पुरस्कारासाठी पैसे ठेवायची जी रीत पडलीय तिच्याशी आहे.

आधी त्याच्या बापाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादा आमच्या वाडीच्या नमनात मृदंग वाजवायचे. एमआयडीसी आली तेव्हा ते तिथं माल चढवायच्या कामाला लागले. शिमग्यात रात्रभर सहाणेवर मृदंग आणि सकाळी सातला पाळी. तेल लावून तळहात मऊ करायचे, तरी थापेनं फुटायचे. एका वर्षी उजवी पुडी फाटली. नवी बसवायला चिपळूणला जायचं तर पैसे नव्हते. दादांनी ठिगळासारखं काहीतरी चिकटवून ते वर्ष काढलं आणि सगळा शिमगाभर म्हणत राहिले, "औंदा माझा मृदंग खोकतोय." गणपतीची वंदना सुरू झाली की लोक संकासुराची वाट बघायचे, पोरं गवळणींच्या मावशीवर हसायची, पण मृदंगवाल्याकडे कोणी बघत नसे. दादा गेले तेव्हा पेपरात दोन ओळी सुद्धा आल्या नाहीत. मुलाच्या मनात ते राहिलं. आता त्याच्याकडे पैसा आहे, तर बापाचं नाव कुठंतरी लागावं असं त्याला वाटतं. यात वाईट काय? काहीच नाही. मला वाईट वाटतं ते पुढच्या व्यवस्थेचं.

ती व्यवस्था मी आतून बघितलीय. माझं पहिलं पुस्तक मी आंब्याच्या पैशांतून छापलं. पाचशे प्रती. मग कोणीतरी सांगितलं, घाटावरच्या एका शहरात ग्रामीण लेखनाला पुरस्कार असतो, पाठव. चार प्रती, परिचयपत्र, दोन फोटो आणि दोनशे रुपये प्रवेशशुल्क. पाठवलं. पुरस्कार मिळाला! रक्कम तीन हजार एक. मी आणि बायको रात्रीच्या एसटीनं गेलो. कार्यक्रम दहाला होता, पाहुणे साडेबाराला आले. ज्यांच्या नावानं पुरस्कार होता त्यांच्या चिरंजीवांनी वडिलांवर पाऊण तास भाषण केलं. प्रमुख पाहुण्यांनी माझ्या पुस्तकातल्या कवितांचं कौतुक केलं. माझ्या पुस्तकात एकही कविता नाही. मला बोलायला तीन मिनिटं दिली होती, ती शेवटी वेळ नाही म्हणून दोन झाली. घरी येऊन चेक बँकेत टाकला तर आडनावाचं अक्षर चुकलेलं, तो परत आला. दुरुस्त चेक चार महिन्यांनी मिळाला. जाण्या-येण्याचा, राहण्याचा आणि चार प्रतींचा खर्च काढला तर हातात काही उरलं नाही.

पण खोटं कशाला बोलू? ते सन्मानचिन्ह मी टीव्हीवर ठेवलं. पाहुणे आले की त्यांची नजर तिकडे जाते की नाही ते मी चोरून बघायचो. मीही त्यातलाच. शाल मात्र थंडीत पांघरली की अंगाला टोचते. माझी बायको त्या शालीला 'सत्कार' म्हणते. "तुमचा सत्कार भाताच्या कणगीवर टाकलाय," असं सांगते.

आता माझ्या मित्राच्या पाच लाखांचा हिशेब बघू. मंडळाच्या सेक्रेटरीनं तिथल्या तिथं कागदावर मांडला होता, तो मी मागून घेतला. सात टक्के धरले तर वर्षाचं व्याज पस्तीस हजार. त्यातून दोन पुरस्कार साडेपाच-साडेपाच हजारांचे, म्हणजे अकरा हजार. राहिले चोवीस हजार. ते कुठं गेले? मंडप, माईक, फ्लेक्स, निमंत्रणपत्रिका, दोन सन्मानचिन्हं, शाली-श्रीफळं, पाहुण्यांची गाडी आणि त्यांचा मुक्काम, शंभर माणसांचं जेवण. पस्तीसातले अकरा लिहिणाऱ्या-नाचणाऱ्याला आणि चोवीस त्यांच्या कौतुकाला. आमच्याकडे याला म्हणतात, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बरं, ही पहिल्या वर्षाची गोष्ट. ज्यांनी नव्वदच्या दशकात एक लाख रुपये ठेवून असे पुरस्कार सुरू केले त्यांना तेव्हा बाराच्या आसपास टक्के व्याज मिळत होतं. वर्षाला बारा हजार. तेव्हा ती रक्कम मोठी वाटायची. आज त्याच लाखाला सहा-सात हजार येतात आणि मंडपवाला दुप्पट-तिप्पट मागतो. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. बियाण्याचं भात दरवर्षी जरा जरा खाल्लं की एक दिवस कणगी रिकामी होते. फरक एवढाच की कणगी रिकामी झालेली दिसते. बँकेतले पाच लाख कागदावर पाच लाखच दिसत राहतात. मग काय होतं? पुरस्कार बंद करायला लाज वाटते, म्हणून रक्कम तीच राहते, पाहुणा स्वस्तातला येतो, प्रवेशशुल्क वाढतं. शेवटी लेखकाच्या दोनशे रुपयांवर दात्याच्या बापाचं नाव चालतं. मला तीन हजार एक मिळाले, त्यात माझ्यासारख्या किती जणांचे दोनशे होते ते देवाला ठाऊक.

इथं कोणी म्हणेल, मग असली भीक कशाला? सरकार आहे ना, पुरस्कार सरकारनं द्यावेत. मी त्यातला नाही. सरकारनं द्यावेतच, पण सगळी अंडी त्या एका डालग्यात ठेवू नयेत. डिसेंबर २०२२ मधली गोष्ट आठवा. कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना राज्य सरकारचा वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला आणि आठवड्याच्या आत, १२ डिसेंबरला, सरकारी निर्णय काढून तो रद्द झाला. ज्या समितीनं निवडला ती समितीही रद्द झाली. पुस्तक बरं की वाईट, त्यातले विचार पटतात की नाही, तो वाद ज्याचा त्यानं करावा. मुद्दा एवढाच की ज्यानं दिलं त्यानंच हात घालून काढून घेतलं. १९८१ सालीही विनय हर्डीकरांच्या 'जनांचा प्रवाहो चालिला' या पुस्तकाचा सरकारी पुरस्कार असाच मागे घेतला गेला होता. ते पुस्तक आणीबाणीवरचं. दोन्ही वेळी सत्तेवरचे पक्ष वेगळे होते. म्हणजे दोष एका पक्षाचा नाही. देणारा हात सोडायला तयार नसतो, हा तो दोष.

आणि हा दोष जुना आहे. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे. इंग्रज आले तरी तो पैसा काही प्रमाणात चालू राहिला. १८४९ साली लोकहितवादींसारख्या काही मंडळींनी अर्ज केला की हा पैसा मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. पुढं दक्षिणा प्राइज कमिटी झाली. किती चांगली गोष्ट! लोकांच्या घामाचा पैसा लोकांच्या भाषेकडे वळला. पण १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून त्या कमिटीकडे पाठवलं. भोळ्या शेतकरी नवरा-बायकोला ज्योतिषी कसा लुबाडतो, त्याचं नाटक. कमिटीनं ते नाकारलं. ज्यांच्या पोटावर ते नाटक पाय देत होतं, त्यांचीच माणसं कमिटीत बसलेली. पैसा दक्षिणेचा होता, तो मराठीकडे वळला, पण त्याची दोरी कोणाच्या हातात ते बदललं नव्हतं. पावणेदोनशे वर्षांनी आपण निवड समितीत दात्याचा मुलगा, दात्याचा जावई आणि दात्याच्या गावचा सरपंच बसवतो, तेव्हा मला ते नाटक आठवतं.

मी मित्राला हे फोनवर सांगितलं. तो शिकलेला नाही पण हुशार आहे. म्हणाला, "मेल्या, मग त्या नोबेलनं नाय का आपलं नाव लावलं? त्याला कोण काय बोलत नाय, आणि माझ्या बापाचं नाव लावलं की तुज्या पोटात दुखतं."

चांगला सवाल होता. मी त्यावर दोन दिवस विचार केला. नोबेल सुरुंगाच्या दारूचा कारखानदार. आमच्यासारख्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्या माणसाला असल्या पैशाबद्दल दोन शब्द बोलता येतील, पण ते असो. १८९५ साली त्यानं मृत्युपत्र केलं आणि बहुतेक सगळी संपत्ती त्यात घातली. साहित्याचं पारितोषिक कोण ठरवेल तेही लिहून ठेवलं. स्टॉकहोमची अकादमी. पुतण्या नाही, भाचा नाही. ज्यांना वारसा मिळेल असं वाटत होतं ते नातेवाईक रागावले. १९०१ साली पहिली पारितोषिकं दिली गेली तेव्हा तो माणूस जिवंतही नव्हता. नाव राहिलं, पण हात सुटला होता. मी मित्राला म्हटलं, "तू पण असंच करणार असशील तर लाव बापाचं नाव." तो गप्प झाला, कारण समितीत आपल्या मोठ्या मुलाला घ्यायचं त्यानं ठरवलं होतं.

इतक्या लांब जायची तरी गरज काय? आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानाचा पुरस्कार आहे. १९९१ साली पहिला विजय तेंडुलकरांना दिला. कुसुमाग्रजांचं नाव केवढं, ज्ञानपीठ मिळालेला कवी. पण पुरस्काराचं नाव 'जनस्थान', म्हणजे नाशिकचं जुनं नाव. गावाचं नाव लावलं, आणि तरी तो पुरस्कार ऐकला की पहिल्यांदा आठवतात ते तात्यासाहेबच. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी महाराष्ट्र फाउंडेशन काढलं, त्याचे साहित्य पुरस्कार १९९४ पासून सुरू झाले. त्यात सुनील देशमुखांनी पदरचा पैसा घातला, पण पुरस्काराला फाउंडेशनचं नाव दिलं. ज्ञानपीठ सुद्धा एका उद्योगपती घराण्याच्या पैशातून उभं राहिलं, १९६५ पासून दिलं जातं, पण त्याला घराण्याचं नाव नाही, संस्थेचं आहे. खाजगी पैशात पाप नाही हे यावरून दिसतं. सगळं देण्याच्या रीतीवर आहे.

घेणाऱ्याचीही एक रीत असते. विंदा करंदीकर आमच्या कोकणातले, देवगडकडचे. त्यांना ज्ञानपीठासकट मोठमोठे पुरस्कार मिळाले आणि त्यांनी पुरस्कारांच्या रकमा सामाजिक कामांना देऊन टाकल्या. साधे सुती कपडे घालणारा माणूस. त्याला पैसे नको होते असं नाही, कोणाला नको असतात? पण आलं ते धरून ठेवायचं नाही एवढं त्यांना कळलं होतं.

आमच्याकडे दान देताना वस्तूवर तुळशीपत्र ठेवतात आणि पाणी सोडतात. लहानपणी मला वाटायचं हा नुसता विधी. आता कळतं, तो करार आहे. पाणी सोडलं की ती वस्तू तुझी राहिली नाही. गाय दान दिलीस तर उद्या तिचं दूध किती निघतं ते विचारायला जायचं नाही. तिला कोणत्या नावानं हाक मारतात तेही विचारायचं नाही. आमचे पुरस्काराचे दाते पाच लाखांवर तुळशीपत्र ठेवत नाहीत. ते पाच लाख मुदतठेवीत ठेवतात. मुद्दल आपलं, नाव आपलं, समिती आपली, माईक आपला. लेखकाला मिळतं ते त्या ठेवीवरचं भाडं. याला मी दान म्हणायला तयार नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं बोलतोस तर तू काय करशील? सांगतो. फुकट टीका करणाऱ्यातला मी नाही.

बँकेत नोकरीला असलेल्या भाच्याकडून मी एक हिशेब करून घेतला. पाच लाख सात टक्क्यांनी ठेवले आणि व्याजाबरोबर थोडं थोडं मुद्दलही खर्च केलं, अशा बेतानं की दहा वर्षांत सगळं संपावं, तर दरवर्षी एकाहत्तर हजार रुपये मिळतात. पस्तीसच्या दुप्पट! दहा वर्षांनी शून्य. भाचा म्हणाला, "मामा, पण मग पुरस्कार बंद पडेल की." मी म्हटलं, "पडू दे. दादांचा मृदंग कुठं कायम राहिला?" दहा वर्षांत दहा माणसांना खरोखरची मदत झाली तर ती पुरे. अकराव्या वर्षी दुसऱ्या कोणाला वाटलं तर तो देईल. नाही वाटलं तर फक्त फ्लेक्सवर जगणारा पुरस्कार हवा कोणाला?

या एकाहत्तर हजारांत काय होईल? आमच्याच वाडीत एक शाहीर आहेत. सत्तरी ओलांडलीय. शक्ती-तुऱ्याच्या जाखडीसाठी आयुष्यभर गाणी रचली. गण, गवळणी, सवाल, जवाब. गौरी-गणपतीत आजूबाजूच्या गावांतले नाच त्यांच्या गाण्यांवर नाचतात, पोरं घुंगरू बांधून रात्रभर फेर धरतात. पोट मात्र दुसऱ्यांच्या कलमांची राखण करून भरलं. त्यांची गाणी दोनशे पानी वह्यांत आहेत. अकरा वह्या होत्या, दोन वाळवीनं खाल्ल्या, नऊ राहिल्या. या माणसाला आजवर कुठलाच साहित्य पुरस्कार मिळालेला नाही आणि मिळणारही नाही, कारण सगळ्या पुरस्कारांची पहिली अट 'छापील पुस्तकाच्या चार प्रती'. लोककलेच्या पुरस्काराला जावं तर तिथं नाचणारा मेळ हवा, फोटो हवेत, प्रमाणपत्रं हवीत. वहीत लिहिणारा ना साहित्यात, ना लोककलेत. मी पाचशे प्रती छापू शकलो कारण त्या वर्षी आंबा बरा झाला होता. म्हणजे मला मिळालेला पुरस्कार अर्धा आंब्याला मिळाला होता. शाहिरांची बाग नाही. हा एवढाच आमच्यातला फरक.

कवी केशवसुत आमच्याच जिल्ह्यातल्या मालगुंडचे. १९०५ साली हुबळीला प्लेगनं गेले, चाळिशीही गाठली नाही. आज मालगुंडला त्यांचं देखणं स्मारक आहे, मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकारानं झालं, आणि ते झालं ते उत्तमच झालं. मी तिथं गेलो की चप्पल बाहेर काढून आत जातो. पण माणूस गेल्यावर दगड लावायला आपण पुढं असतो आणि जिवंतपणी वही छापायला मागं असतो, हेही तिथं उभं राहून मनात येतंच.

म्हणून मी मित्राला चार गोष्टी लिहून पाठवल्या.

एक. पुरस्काराला दादांचं नाव नको, 'सहाण' हे नाव दे. जिथं पालखी बसते, जिथं दादांनी मृदंग वाजवला, ती जागा. दादांची गोष्ट मी लिहून देतो, ती पहिल्या वर्षी छापून घरोघर वाटू. सहाण म्हटलं की वाडीला दादाच आठवतील.

दोन. निवड करणाऱ्यांत तुझ्या घरचा कोणी नको, मीही नको. माझेही शाहिरांशी संबंध आहेत. चिपळूणच्या वाचनालयातली दोन जाणती माणसं आणि दुसऱ्या तालुक्यातला एक जुना खेळ्या, असे तिघं बघतील. ज्यांनी २२ जुलै २०२१ चा पूर बघितला, भिजलेली पुस्तकं पुन्हा उभी करायची म्हणजे काय ते जाणलं, त्यांना वाळवी लागलेल्या वहीची किंमत कळेल.

तीन. अर्ज नको, प्रती नकोत, शुल्क नको. निवडणाऱ्यांनी शिमग्यात आणि गणपतीत गावांत फिरायचं. वही असेल तर वही वाचायची. एकाहत्तरातले पंचवीस हजार लिहिणाऱ्याच्या हातात रोख, तीस हजारांत त्याच्या वहीची छपाई, उरलेल्यातून एखाद्या नमनाच्या मंडळाच्या मृदंगाला नवी पुडी आणि टाळांची जोडी. समितीची एसटी त्यातूनच.

चार. कार्यक्रम नको. शिमग्यात सहाणेवर नमन होतं, वाडी जमलेली असते, तिथंच मध्यंतरात नाव पुकारायचं आणि पाकीट द्यायचं. चहा वाडी करेल. पाहुणा नको. वहीतलं एक गाणं त्या माणसानं स्वतः म्हणायचं, हाच त्याचा सत्कार.

पत्र गेलं. महिनाभर उत्तर नाही. मग फोन आला. म्हणाला, "बायको म्हणते, पाच लाख दिले आणि दहा वर्षांनी हातात काय? ना पैसा, ना नाव." मी म्हटलं, "वहिनींना सांग, हातात काही राहिलं तर ते दान कसलं?" तो म्हणाला, "तुला बोलायला सोपं हाय. तुज्याकडे पाच लाख नायत."

हे मात्र खरं आहे. माझ्याकडे पाच लाख नाहीत, आणि नसलेल्या पैशावर उदार होणं कोणालाही जमतं. त्याचा हा टोला मला लागला. माझ्याकडे असते तर मी काय केलं असतं? आईच्या नावाची पाटी लावायचा मोह मलाही झाला असता. ज्या माणसानं एक सन्मानचिन्ह टीव्हीवर ठेवून चोरून बघितलं, त्यानं फार मोठेपणा सांगू नये. पण मोह मला होईल म्हणून रीत बरोबर ठरत नाही. चुकीची ती चुकीचीच.

म्हणून मला जेवढं देता येतं तेवढं देतोय. शाहिरांकडून त्यांच्या नऊ वह्या घरी आणल्यात. भाताची कापणी उरकल्यापासून रोज रात्री जेवण झालं की बसतो आणि एकेक गाणं दुसऱ्या वहीत उतरवतो. त्यांचं अक्षर बारीक, शाई पुसट, कुठं पानावर चहाचा डाग. जिथं लागत नाही तिथं दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्याकडे जातो, ते डोळे मिटून ओळ म्हणतात आणि मी लिहून घेतो. एखादी ओळ त्यांनाही आठवत नाही. तिथं मी जागा कोरी सोडतो, माझ्या मनचं काही घालत नाही. आतापर्यंत साडेतीन वह्या झाल्या.

मित्राचे पाच लाख अजून डोंबिवलीच्या बँकेत आहेत. शिमग्याला तो येणार आहे. तेव्हा या वह्या त्याच्यापुढं ठेवणार. तिसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर शाहिरांनी एका जुन्या शिमग्याची नोंद केलीय. त्या रात्री कोण कोण उभं होतं ते ओळीनं लिहिलंय, आणि मृदंगापुढं दादांचं नाव आहे. ते त्याला अजून माहीत नाही.